अर्धांगवायूचे मूळ शोधणारा वैद्य : वांग छिंगरेन

घरातील एखादे वडीलधारे माणूस रात्री धडधाकट निजते आणि सकाळी उठावयास जाते तो एक हात व एक पाय जागचा हलत नाही, तोंड एका बाजूस ओढले जाते, बोबडी वळते. दाराशी जमलेली मंडळी हलक्या आवाजात एकमेकांस सांगतात की, त्यांच्या अंगावरून वारे गेले. आपल्या मराठीने या दुखण्यास दिलेले नावच मुळी अर्धांगवायू असे आहे. आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातव्याधींतच केली. नवल असे की, हिमालयापलीकडील चिनी वैद्यांनाही याहून निराळे काही सुचले नव्हते. त्यांनी या रोगास 'चुंगफंग' म्हटले. त्याचा अर्थ वाऱ्याने विंधलेला. धिप्पाड माणसाला एका क्षणात लोळविणारे आणि डोळ्यांना मात्र न दिसणारे असे दुसरे काय असू शकते, असा त्या काळच्या लोकांनी विचार केला असावा. वाऱ्याखेरीज दुसरा गुन्हेगार त्यांना सापडला नाही.

त्या नावावर उघड शंका घेणारा एक वैद्य चीन देशात होऊन गेला. त्याने बांधून दिलेला काढा आज, जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही, चीनमध्ये अर्धांगाच्या रोग्यांना दिला जातो आणि त्यातील मुळ्या, फुले व बिया घेऊन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगशाळांत बसलेले आहेत. त्यांचे नाव वांग छिंगरेन. या वैद्यराजांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

वांग यांचा जन्म १७६८ साली उत्तर चीनमधील युथ्येन या तालुक्यात झाला. हा प्रदेश राजधानी पेकिंगच्या पूर्वेस येतो व आज तो हपै प्रांतात मोडतो. तेव्हा चीनवर मांचू घराण्यातील छ्येनलुंग या बादशहाचे राज्य होते. वांग यांचे शिक्षण प्रथम लष्करी वळणाचे झाले. त्या काळी चीनमध्ये जशा विद्वानांच्या परीक्षा असत तशा धनुर्विद्येच्या व घोडदौडीच्याही असत. त्यांपैकी पहिली पायरी ते चढले आणि पुढे सरकारात भरणा करून त्यांनी लहानशा लष्करी हुद्द्याचा मानही मिळविला. पण तरवारीपेक्षा त्यांचे मन औषधांत अधिक रमले. विशीच्या सुमारास त्यांनी वैद्यकीस आरंभ केला आणि कालांतराने पेकिंग शहरात औषधालय थाटून तेथे नाव कमावले.

जुने ग्रंथ वाचताना त्यांना एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. शरीराच्या आतील अवयवांविषयी एक ग्रंथ एक सांगे, दुसरा दुसरेच सांगे, आणि कित्येक वेळा एकाच ग्रंथातील दोन पाने एकमेकांशी भांडत. फुप्फुसाला चोवीस छिद्रे असतात असे लिहिलेले. पण ती मोजली कोणी, याचा पत्ता नाही. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे यांची चित्रे काढलेली. पण ती पाहून काढली की ऐकून, हे कोणी सांगत नसे. जो वैद्य अवयव न जाणता रोगावर औषध देतो तो अंधारात चालणाऱ्या आंधळ्याहून वेगळा नव्हे, अशी वांग यांची खात्री पटत चालली. परंतु करावयाचे काय? आईबापांनी दिलेला देह मरणानंतरही अक्षत राहिला पाहिजे, ही कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर पोसलेल्या त्या समाजाची दृढ समजूत. प्रेत फाडणे हा तर घोर अपराध. आपल्याकडे सुश्रुताने प्रेत सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवून, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू खरवडून आतील रचना पाहण्याची रीत सांगून ठेवली होती. पण ती विद्याही पुढे लोपली, आणि १८३६ साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले तेव्हा ती एक मोठीच घटना ठरली. वांग यांच्या हयातीत चीनमध्ये असे काही घडणे शक्यच नव्हते.

१७९७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी वांग कामानिमित्त ल्वानचौ भागातील ताओती नावाच्या गावी गेले. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांच्या आसपास होते. त्या गावी मुलांमध्ये गोवराची व हगवणीची साथ पसरली होती. आजारी पडलेल्या दहा मुलांतील आठ-नऊ दगावत होती. गरिबांना पेट्या कोठून परवडणार? ते आपली लेकरे चटईत गुंडाळून सार्वजनिक दफनभूमीत नेऊन ठेवीत, आणि वर माती लोटीत ती अगदी वरवर. याला केवळ दारिद्र्य कारण नव्हते. मूल खोल पुरले नाही आणि कुत्र्यांनी ते खाल्ले, म्हणजे पाठीवर होणारे मूल जगते, अशी तिकडे समजूत होती. आईबापांना हे करताना काय वाटत असेल याची कल्पना करवत नाही. पुढचे तरी जगावे, एवढ्या एकाच आशेवर ते घरी परतत असतील. परिणाम असा झाला की, त्या दफनभूमीत पोट फाटलेली, आतडी बाहेर आलेली शंभरावर बालप्रेते रोज उघडी पडलेली असत.

वांग रोज घोड्यावरून त्या वाटेने जात. पहिल्या दिवशी त्यांनी नाकाला फडके लावले आणि घोडा पुढे काढला. दुर्गंधीने जीव घाबरा झाला होता. मग त्यांच्या मनाने घेतले की, पूर्वसूरींनी अवयवांविषयी ज्या चुका केल्या त्या प्रत्यक्ष न पाहिल्यामुळे केल्या. आणि आज आपल्यासमोर जे उघडे पडले आहे ते आपणही नाक दाबून टाळीत आहो. ते घोड्यावरून उतरले. त्या दिवसापासून सतत दहा दिवस, रोज सकाळी, ते त्या भूमीत जाऊन प्रेतांशेजारी बसू लागले. कुत्र्यांनी काय ठेवले असेल ते ठेवले असेल. दहा देहांत तीन देहही धड पूर्ण मिळत नसत. कोणाचे यकृत उरलेले तर हृदय नाही, कोणाचे जठर आहे तर आतडी नाहीत. एकात जे नाही ते दुसऱ्यात पाहावे, दुसऱ्यातील तिसऱ्याशी ताडून घ्यावे, अशा रीतीने त्यांनी तीसहून अधिक बालकांच्या देहांवरून एकूण रचना मनात जुळविली. जुन्या चित्रांशी ती जमेना; आकारही जमेना आणि संख्याही जमेना.

या प्रसंगावर आम्ही थोडे अधिक थांबलो, याचे कारण असे की, वांग यांच्या आयुष्यातील पुढची सर्व वर्षे या दहा सकाळींतून निघालेली आहेत. ती मुले कोणाची होती, त्यांची नावे काय होती, हे इतिहासाला ठाऊक नाही.

पाहिलेल्यात एक उणीव राहून गेली. छाती व पोट यांच्यामध्ये जो पातळ पडदा असतो, ज्याला आपण श्वासपटल म्हणतो, तो त्यांना एकाही देहात अखंड सापडला नाही. तो हृदयाच्या वर असतो की खाली, तिरपा असतो की सरळ, हे कळल्याशिवाय चित्र पुरे होईना. येथून त्यांच्या चिकाटीची कथा सुरू होते. १७९९ साली ते ईशान्येकडील फंगथ्येन, म्हणजे आजचे षेन्यांग, येथे असताना पती व सासरा यांच्या वधाबद्दल एका स्त्रीला देहदंड झाला. सव्वीस वर्षांची ती स्त्री वेडाच्या भरात होती. वांग वधस्थानाच्या वाटेने नगराच्या पश्चिम दरवाजापर्यंत गेले, आणि तेथे त्यांना एकदम भान आले की, हा स्त्रीचा देह आहे, आपण जवळ जाणे शोभत नाही. ते तेथेच थबकले. थोड्या वेळाने मारेकरी हातांत हृदय, यकृत व फुप्फुसे घेऊन बाहेर आले. ती त्यांनी न्याहाळली, आणि ताओती गावी पाहिले त्याप्रमाणेच ती होती. १८२० साली पेकिंगमध्ये आईचा जीव घेणाऱ्या एका माणसाला देहदंड झाला तेव्हा त्यांना जवळ जाता आले. पण पडदा शस्त्राने आधीच फाटलेला. १८२८ साली काश्गरकडील बंडाचा पुढारी जहांगीर याला राजधानीत मारण्यात आले. त्या वेळी त्यांना जवळ फिरकूही दिले नाही. मधल्या काळात त्यांनी जनावरांनाही सोडले नाही. काहींना चारापाणी देऊन लगेच व काहींना तीन-चार दिवस उपाशी ठेवून ती कापवीत, आणि पोटातील पाणी कोणत्या वाटेने जाते ते पाहत.

चिनी पंचांगातील १८२९ चे वर्ष सरत असताना, ऐन थंडीतील एका रात्री, पेकिंगमधील एका बड्या घरी त्यांना रोग्यासाठी बोलावणे आले. तेथे बोलण्याच्या ओघात पडद्याचा विषय निघाला. योगायोगाने त्या बैठकीत हंग चिंग नावाचे एक उच्च अधिकारी बसलेले होते. त्यांनी हामी व काश्गर या सरहद्दींवर फौजेबरोबर दिवस काढले होते आणि युद्धात पडलेली असंख्य प्रेते पाहिली होती. पडदा कसा असतो ते आपण नीट पाहिले आहे असे ते म्हणाले आणि त्यांनी त्याची जागा व आकार समजावून दिला. वांग यांना आनंदाने काय करू आणि काय नको असे झाले. आपल्या शोधाला बेचाळीस वर्षे लागली असा हिशेब त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. एका पडद्यासाठी इतकी वर्षे अडून राहणारा ग्रंथकार आम्हांला तरी दुसरा माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १८३० साली, त्यांचा 'यीलिन गायत्स्वो' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नावाचा अर्थ वैद्यकवनातील चुकांची दुरुस्ती. त्यात त्यांनी जुनी चित्रे व स्वतः पाहून काढलेली चित्रे अशी दोन्ही छापली, म्हणजे ज्याने त्याने ताडून पाहावे. ग्रंथ लहान आहे. परंतु त्यातील दोन प्रकरणे या दुखण्याच्या दृष्टीने फार मोलाची आहेत.

पहिले प्रकरण मेंदूविषयी. चिनी परंपरेत बुद्धीचे व स्मरणाचे स्थान हृदय मानलेले होते. चिनी भाषेत मन आणि हृदय यांना शब्दही एकच आहे. आपणही एखादी गोष्ट काळजात जपून ठेवतो, डोक्यात नव्हे. तेव्हा त्यांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. बुद्धी मेंदूत राहते असे सूचित करणारे एक-दोन ग्रंथकार वांग यांच्या पूर्वीही झाले होते. विख्यात वनौषधिकार ली षिचन हे त्यांतील एक, आणि वांग यांनी त्यांचे ऋण मान्य केले आहे. परंतु वांग यांनी ते पुराव्याने मांडले. त्यांचा पुरावा कोणाच्याही घरात सापडणारा आहे. डोळे, कान व नाक यांच्यापासून निघालेल्या वाटा मेंदूकडे जातात. तान्ह्या मुलाची टाळू मऊ असते, मेंदू भरलेला नसतो. म्हणून त्याची नजर ठरत नाही, कान ऐकत नाहीत, जिभेला शब्द येत नाही. वर्षाच्या सुमारास टाळू भरत येते, तसे ते ऐकू लागते, एखाददुसरा शब्द बोलते. तीन-चार वर्षांचे झाले की सबंध वाक्ये बोलते. म्हातारपणी मेंदू रिता होऊ लागला की स्मरणही रिते होते. अपस्माराचा झटका आला असता माणसाला ऐकू येत नाही, दिसत नाही. कारण त्या वेळी प्राणशक्ती मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदू रिता होतो व भरतो ही कल्पना आज टिकणारी नाही. पण बोट त्यांनी योग्य ठिकाणी ठेवले होते.

दुसरे प्रकरण अर्धांगाचे. येथे त्यांनी एक कबुली दिली आहे, आणि आम्हांला ती फार आवडते. आरंभी आपणही ग्रंथांत सांगितल्याप्रमाणेच अर्धांगाच्या रोग्यांना औषधे देत गेलो आणि गुण येत नव्हता, असे ते सांगतात. एक आचार्य म्हणे हे शरीरातील उष्णतेने होते, दुसरा म्हणे शक्तिक्षयाने, तिसरा म्हणे कफाने. आणि तिघेही शेवटी वाऱ्याला सोडीत नसत. वांग यांनी विचारले की, वारा अंगात शिरला तर थंडी भरावी, ताप यावा, अंग दुखावे. अर्धांगाच्या रोग्याला यांतले काहीच होत नाही. मग वारा आला कोठून? त्यांनी आपली उपपत्ती मांडली ती अशी. माणसाच्या देहात दहा भाग प्राणशक्ती असते. उजव्या अंगास पाच व डाव्या अंगास पाच. तिच्यातील निम्मी सरली आणि उरलेली एका अंगास जमा झाली की दुसरे अंग लुळे पडते. शक्ती नसली की रक्त पुढे ढकलले जात नाही, ते नळ्यांतून साकळते. तेव्हा उपाय दोन: शक्ती भरून काढणे व साकळलेले रक्त हलते करणे.

रोग्याला एकदम काही होत नाही, त्याच्या आधी सूचना मिळतात, हेही त्यांनी पाहिले होते. अशी चौतीस लक्षणे त्यांनी रोग्यांना विचारून विचारून टिपली. कोणाला मधूनच क्षणभर घेरी येते, कोणाच्या कानात अचानक आवाज होतो, कोणाची पापणी किंवा ओठ फडफडतो, कोणाची बोटे बधिर होतात, कोणाचा हात कापतो, कोणाला निजेत लाळ गळते, कोणी बोलता बोलता भलतेच बोलतो, कोणाला आठवत आलेली गोष्ट आठवेनाशी होते. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, जेवणखाण नीट चालते. म्हणून माणूस तिकडे लक्ष देत नाही, आणि तेथेच फसतो, असे त्यांनी बजावले आहे. यांतील सर्व लक्षणे आजच्या वैद्यकाला मान्य होतील असे नाही. परंतु मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अडून पुन्हा सुरू होतो, एक हात किंवा वाचा थोडा वेळ जाऊन परत येते, आणि हा मोठ्या झटक्याचा इशारा असतो, ही गोष्ट आजचे डॉक्टरही कंठशोष करून सांगत असतात.

त्यांच्या काढ्याचे नाव 'पूयांग ह्वानवू थांग'. उणे झालेले चैतन्य भरून काढणारा व गमावलेले पाच भाग परत आणणारा काढा, असा त्याचा अर्थ. त्यात घटक सात. मुख्य घटक हुआंगची नावाच्या, डाळींच्याच कुळातील एका झुडपाचे मूळ. ते चार ल्यांग, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे तेरा तोळे. उरलेले सहा घटक सगळे मिळून अडीच तोळ्यांच्याही आत: डांगग्वेई या मुळाचा शेपटीकडील भाग, तांबड्या पिओनीचे मूळ, छुआनशिओंगचा कंद, पीच फळाच्या बाठीतील गर, वाळविलेली गांडुळे, आणि करडईची फुले. हे प्रमाण पाहून त्या काळचे वैद्यही चकित झाले असतील. वांग मात्र मूळ एकदम इतके घालीत नसत. एक-दोन ल्यांगपासून आरंभ करून ते हळूहळू वाढवीत.

होय, तीच आपली करडई. विजापूर-सोलापूरकडील काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीभोवती गुरांनी शिरू नये म्हणून जिचे काटेरी पाटे पेरतात, जिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, जिचे तेल आपल्या घाण्यांतून निघते, तीच. शेतकरी तिचे बी घरी आणतो. केशरी फुले बहुधा रानातच सुकून जातात. चीनमध्ये ती फुले साकळलेले रक्त हलते करणारी म्हणून शतकानुशतके औषधात आहेत.

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर वांग यांना फार दिवस लाभले नाहीत. १८३१ साली पेकिंग येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे त्यांची निंदाही पुष्कळ झाली. लू माओश्यू नावाच्या वैद्याने त्यांच्यावर टीका केली की, हा गृहस्थ लोकांना हाडांच्या ढिगाऱ्यात व वधस्थानात वैद्यक शिकावयास सांगतो. पुढे विसाव्या शतकात ल्यांग छीछाओ या थोर विचारवंताने मात्र चिनी वैद्यकातील अत्यंत धाडसी पुरुष म्हणून त्यांचा गौरव केला.

चरित्र लिहिताना नायकाची चूक झाकून ठेवणे हे आम्हांला पटत नाही. आणि वांग यांना तर ते मुळीच रुचले नसते. त्यांची एक चूक मोठी होती. प्रेतांच्या रोहिण्या त्यांना रिकाम्या दिसल्या, म्हणून त्यांनी ठरविले की त्या नळ्यांतून रक्त नव्हे, प्राणवायू वाहतो, आणि हृदयातही रक्त नसते. हीच चूक दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनीही केली होती. मृत्यूनंतर रोहिण्या आक्रसतात व त्यांतील रक्त निलांमध्ये उतरते, हे न कळल्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलेही फसवे ठरले. इंग्लंडात विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ सालीच छापला होता. वांग यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. मेलेल्या देहाकडे पाहून जिवंत देहाचे सर्व कळत नाही, एवढेच यातून दिसते. कुत्र्यांनी विस्कटलेल्या त्या देहांवरून त्यांनी जेवढे जुळविले तेच अधिक म्हणावे लागेल.

आता त्या काढ्याचे पुढे काय झाले ते पाहू. अर्धांगाचे खरे कारण आज आपणांस ठाऊक आहे. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने तुंबते, किंवा फुटते. पुढचा भाग प्राणवायूवाचून काही मिनिटांत मरू लागतो. डाव्या मेंदूचा ताबा उजव्या अंगावर व उजव्याचा डाव्यावर असतो, म्हणून लुळेपणा उलट बाजूस येतो. रक्त साकळते ही वांग यांची कल्पना गुठळीच्या झटक्यापुरती खरी निघाली. फुटलेल्या वाहिनीला मात्र ती उलट लागू पडते, आणि तेथे रक्त पातळ करणारे औषध घातकच ठरावयाचे. बाहेरून पाहून दोहोंतील भेद ओळखता येत नाही. तो डोक्याच्या सी. टी. स्कॅनने कळतो.

मेंदूची मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही. तरीही रोगी बरे होताना दिसतात. याचे कारण, आसपासच्या पेशी नवे धागे जोडून गेलेल्या भागाचे काम थोडेथोडे शिकतात, नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात, आणि व्यायामाने या शिकण्यास वळण लागते. हीच दुरुस्ती वनस्पतींतील द्रव्यांनी वाढविता येईल काय, या प्रश्नामागे गेली काही दशके संशोधक लागले आहेत. हुआंगचीच्या मुळातून अ‍ॅस्ट्रागॅलोसाइड, छुआनशिओंगमधून लिगुस्ट्राझीन, पिओनीतून पिओनिफ्लोरीन, करडईच्या फुलांतून एक पिवळे रंगद्रव्य अशी द्रव्ये वेगळी काढण्यात आली. गांडुळांत तर गुठळी विरघळविणारी पाचकद्रव्ये निघाली; जपानमध्ये त्यांवर १९८० नंतरच्या दशकात काम झाले. उंदरांच्या मेंदूची वाहिनी बंद करून ही द्रव्ये दिली असता इजा कमी झाल्याचे कित्येक प्रयोगांत आढळले आहे.

पण उंदीर बरा होणे आणि आपले आजोबा बरे होणे यांत फार अंतर आहे. वांग यांच्या काढ्यातील बऱ्याच वनस्पती ज्यात आहेत अशा चौदा घटकांच्या एका औषधाची आशियातील अनेक देशांत सुमारे १,१०० रोग्यांवर चाचणी झाली. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत निश्चित म्हणता येईल असा फरक दिसला नाही. याउलट, ओव्याच्याच कुळातील सेलरी या भाजीच्या बियांत प्रथम सापडलेले ब्युटिलफ्थॅलाइड नावाचे द्रव्य चीनने २००२ साली औषध म्हणून मान्य केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या १,२१६ रोग्यांच्या चाचणीत, गुठळी काढण्याच्या आधुनिक उपचारांबरोबर ते दिले असता शंभरांतील ५७ रोगी चांगल्या स्थितीस आले, न दिलेल्यांत ४४. हे द्रव्य आज कारखान्यात तयार होते. भाजी खाऊन ते मिळावयाचे नाही.

आमच्या वाचकांच्या घरांत वडीलधारी माणसे आहेत, म्हणून येथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. अंगावरून वारे गेले म्हणून कोणी पारव्याचे रक्त चोळते, कोणी दूरच्या गावचा झाडपाला आणावयास निघते, आणि त्यात सकाळची दुपार होते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी डोक्याचे चित्र काढावे लागते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, की घड्याळ पाहावे आणि रोग्यास थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. वांग यांचा काढाही झटक्याच्या घटकेसाठी नव्हताच. तो नंतरच्या दीर्घ लुळेपणासाठी होता, आणि तो अनेक दिवस घ्यावा लागे.

वांग यांनी आपल्या ग्रंथात एक विनंती करून ठेवली आहे. आपण जे लिहिले ते पुरे आहे असे त्यांचे म्हणणे नाही. पुढे कोणास अवयव प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली तर त्याने ते नीट निरखावेत आणि या पुस्तकात जे उणे असेल त्यात भर घालावी, असे त्यांनी कळविले आहे. त्यांच्या काढ्यातील सातही घटकांवरचे काम चालू आहे.